गोवामुक्तीचे युद्ध आणि नगर जिल्हा

भारतीय प्रजासत्ताकाने आपल्या भूमीवर ठाण मांडून बसलेल्या युरोपीय सत्तेशी एकदाच युद्ध केले. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे ते सुरू झाले. १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठ वाजता पोर्तुगालचा गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियो व्हासालो ए सिल्वा याने शरणागतीच्या कागदावर सही केली आणि ते संपले. प्रजासत्ताकाचे वय तेव्हा अकरा वर्षे होते. समोरची सत्ता आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० च्या नोव्हेंबरात गोवा जिंकल्यापासून, म्हणजे ४५१ वर्षे, तिथे होती. इंग्रजांच्या आधी आलेले पोर्तुगीज इंग्रज गेल्यानंतरही चौदा वर्षे राहिले.

या युद्धाची हकिकत एरवी दिल्ली, लिस्बन आणि पणजी यांच्याभोवती फिरते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेला असलेल्या नगर जिल्ह्याचे (आताच्या अहिल्यानगरचे) नाव तिच्यात क्वचित येते. पण पोर्तुगिजांशी नगरचे वैर या प्रजासत्ताकाहून फार जुने होते, मुक्तीच्या चळवळीत पारनेरच्या एका वृद्ध सत्याग्रहीने पुढे पाऊल टाकले होते, आणि १९६१ मध्ये गोव्यात शिरलेल्या रणगाड्यांमागे नगरच्या छावणीत मिळणारे शिक्षण होते.

मलिक अहमदने निजामशाही उभी केली आणि १४९४ मध्ये नगर शहर वसवले. राजधानी घाटावर असली तरी राज्याचा श्वास कोकणातल्या चौल बंदरावर चालत असे. अरबस्तानातून येणारे घोडे याच बंदरात उतरत आणि दख्खनचे कापड इथूनच बाहेर जाई. मार्च १५०८ मध्ये या चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अय्याज यांनी मिळून पोर्तुगिजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. पण हा विजय टिकला नाही. पुढल्याच वर्षी दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांनी त्याचा सूड घेतला आणि पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र त्यांच्या ताब्यात गेला. काही वर्षांनी त्यांनी निजामशहाकडून चौलला वखार घालण्याची परवानगीही मिळवली.

१५७० मध्ये नगरचा मुर्तझा निजामशहा, विजापूरचा अली आदिलशहा आणि कालिकतचा सामुरी यांनी पोर्तुगिजांवर एकाच वेळी चाल करण्याचे ठरवले. आदिलशहाने गोव्याला वेढा घातला आणि निजामशहाने चौलला. नगरचे मोठे सैन्य कित्येक महिने चौलपुढे बसून राहिले. पण समुद्राच्या बाजूने शत्रूला रसद येत असेल तर जमिनीवरचा वेढा किती तोकडा पडतो, एवढेच त्यातून सिद्ध झाले. १५७१ मध्ये दोन्ही वेढे उठले. चौलच्या खाडीच्या तोंडावर निजामशाहीने कोर्लईचा किल्ला मजबूत करण्याचा प्रयत्न केला, तोही १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी मोडून काढला. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोवा जवळजवळ घेतलाच होता आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. गोवा मात्र प्रत्येक वेळी सुटला. त्याचे एक मोठे कारण होते: समुद्र ज्याच्या हाती, गोवा त्याचा. १९६१ च्या योजनेत आरमाराला एवढे महत्त्व का दिले गेले, हे या जुन्या अपयशांवरून समजते.

नगर आणि गोवा यांच्यात केवळ लढायाच झाल्या असे नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी येऊन त्याच्यावर उपचार करी. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. युरोपला आपल्या हिरडा-बेहड्याची नीट ओळख करून देणाऱ्या पहिल्या ग्रंथांत त्याची गणना होते. तो ज्यू वंशाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने म्हणजे धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या राजवटीने आपल्याच विद्वानाला मेल्यावरही सोडले नाही, तिने गोव्यातल्या प्रजेला कसे वागवले असेल हे वेगळे सांगायला नको.

विसाव्या शतकात ही राजवट पोर्तुगालमधल्या सालाझारच्या हुकूमशाहीचा भाग झाली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांचा दर्जा उघडपणे खालचा ठरवला. सभा, वृत्तपत्र, पक्ष या सगळ्यांवर बंदी होती. लग्नपत्रिका छापायची तरी आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागे. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती, पण उघड चळवळीला तोंड फुटले ते १८ जून १९४६ रोजी. त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून भाषण केले आणि त्यांना अटक झाली. पुढे कुन्हांवर लष्करी न्यायालयात खटला चालवून त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबण्यात आले.

१९४७ नंतर दिल्लीची अपेक्षा अशी होती की इंग्रज गेले, फ्रेंच जायला तयार आहेत, तेव्हा पोर्तुगीजही बोलणी करून जातील. फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताक होऊन महिना होतो न होतो तोच, भारताने पोर्तुगालला वाटाघाटींचे निमंत्रण दिले. लिस्बनने ते धुडकावले. १९५१ मध्ये सालाझारने राज्यघटनेत बदल करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच तुकडा आहे, मग वाटाघाट कशाची, असा हा डाव होता. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य होता, त्यामुळे त्याच्या या म्हणण्याला पश्चिमेत ऐकणारे कान मिळत. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. पाँडिचेरीचा कारभार नोव्हेंबर १९५४ मध्ये फ्रेंचांनी भारताच्या हाती दिला. पोर्तुगीज जागचे हलले नाहीत.

सरकार थांबले तिथून लोकांनी पुढे जायचे ठरवले, आणि त्यात मराठी मुलूख आघाडीवर होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली हे भारतीय हद्दीने चारी बाजूंनी वेढलेले पोर्तुगीज मुलूख स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी मुक्त केले. २ ऑगस्टला सिल्वासा पडले. त्या तुकड्यांत संगीतकार सुधीर फडके होते. त्याच वर्षी पुण्यात केशवराव जेधे आणि जयंतराव टिळक यांच्या पुढाकाराने गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघीय, काँग्रेसमधले नाराज, एरवी एका व्यासपीठावर न बसणारी ही माणसे गोव्यासाठी एकत्र आली.

१८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. विलायतेत शिकायला गेलेला हा तरुण बॉम्ब तयार करण्याची माहिती घेऊन परतला होता. पुढे तोच मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी १९२१ पासून टाटांच्या धरणाविरुद्ध लढला आणि त्या लढ्यामुळेच त्याला 'सेनापती' हे नाव मिळाले. गोव्यात पाऊल ठेवले तेव्हा बापटांचे वय ७४ होते. पन्नास वर्षांचा लढा मागे असताना घरी बसण्याचा त्यांचा हक्क कोणीही मान्य केला असता. त्यांनी तो वापरला नाही. पोर्तुगीज पोलिसांनी तुकडीला पकडून मारहाण केली. बापटांना हद्दीबाहेर पाठवण्यात आले. गोऱ्यांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये ते सुटले. मधु लिमये यांनाही अशीच लांबलचक शिक्षा ठोठावण्यात आली होती. नगरमध्येच १९२४ साली जन्मलेले मधु दंडवते हेही १९५५ च्या सत्याग्रहात उतरले होते. पुढे रेल्वेमंत्री झाल्यावर कोकण रेल्वेचा पाठपुरावा करणारे ते हेच दंडवते.

१५ ऑगस्ट १९५५ चा दिवस मात्र रक्ताचा ठरला. देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही त्या दिवशी वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले. सावंतवाडी-बांद्याकडून जाणारी वाट पत्रादेवीला गोव्यात उतरते. तिथे आणि इतर नाक्यांवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पत्रादेवीला पंजाबचा तरुण कर्नैलसिंग पडला. जखमींना उचलून बांदा आणि सावंतवाडीत आणताना त्या गावांनी जे केले त्याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत फारशी नाही. ती व्हायला हवी.

या गोळीबारानंतर दिल्ली काय करणार याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. दिल्लीने सत्याग्रहच थांबवला. सीमा बंद केली, रेल्वे तोडली, आर्थिक नाकेबंदी सुरू केली. नेहरूंच्या या निर्णयामागे विचार नव्हता असे म्हणता येत नाही. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता, जगात शांततेची बाजू मांडणाऱ्या देशाने शस्त्र उचलणे त्यांना विसंगत वाटे, आणि नाटोचा एक सदस्य समोर होता. पण किंमत दुसऱ्यांनीच मोजली. नाकेबंदीने पोर्तुगीज सरकारपेक्षा मुंबईत राबून घरी पैसे पाठवणाऱ्या गोवेकर कुटुंबांचे अधिक हाल झाले. लोहखनिजाची निर्यात वाढून पोर्तुगिजांच्या तिजोरीला तर हातभारच लागला. आग्वादच्या तुरुंगात राजबंदी खितपत पडले. सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये पकडले गेले. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ अशी सुमारे तीन वर्षे स्वतः स्थानबद्ध राहिलेल्या पंतप्रधानाला तुरुंगाच्या भिंतीची किंमत ठाऊक होती. तरीही गोव्याच्या कैद्यांना सहा वर्षे थांबावे लागले. हा विलंब नेहरूंच्या कारकिर्दीतली एक मोठी चूक होती, असेच म्हणावे लागते.

या सहा वर्षांत एक गोष्ट मात्र भारताच्या बाजूने झाली. दादरा-नगरहवेलीकडे जाण्याचा हक्क मागत पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने कोणत्याही कर्तव्याचा भंग केलेला नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने वसाहतवाद संपवण्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. 'सागरपार प्रांत' या नावाआड लपणे आता पोर्तुगालला कठीण झाले.

१९६१ उजाडले तेच पोर्तुगीज साम्राज्याला हादरे देत. अंगोलात उठाव झाला आणि तो दडपताना प्रचंड रक्तपात झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी या केवळ एक वर्षाच्या प्रजासत्ताकाने ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावरचा पोर्तुगीज किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिषद भरली, तेव्हा आफ्रिकी नेत्यांनी भारताला स्पष्टच विचारले की तुमच्या दारातला पोर्तुगीज तुम्ही काढत नाही, मग आम्ही कोणाकडे पाहायचे? नोव्हेंबरात अंजदीव बेटावरच्या पोर्तुगीज शिबंदीने 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार केला. काही दिवसांनी मासेमारीच्या एका होडीवर गोळ्या झाडल्या, त्यात एक कोळी ठार झाला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुका तोंडावर होत्या, हेही खरे. त्यामुळे कारवाई निवडणुकीसाठी झाली असा आरोप तेव्हा झाला आणि आजही होतो. निवडणुकीने वेळ ठरायला हातभार लावला असेल, पण कारण चौदा वर्षे जुने होते.

मोहिमेची जबाबदारी पुण्याच्या दक्षिण कमांडकडे आली. तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधरी हे मूळचे घोडदळाचे, सातव्या लाइट कॅव्हलरीतून पुढे आलेले. १९४८ मध्ये सोलापूरकडून हैदराबादवर चालून गेलेल्या चिलखती डिव्हिजनचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. घोडदळाचे रणगाडा दलात रूपांतर होण्याचे शिक्षण ज्या ठिकाणी होई ते ठिकाण नगर. इंग्रजी अमलात १९२० च्या दशकात रणगाडा दलाची शाळा इथे आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये वेगवेगळे विभाग एकत्र होऊन आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. देशाच्या चिलखती दलातला चालक, तोफची आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा जवान इथे तयार होतो. शहराबाहेरचे खारे कर्जुने हे गाव ज्याच्या नावात आहे, त्या के. के. रेंजवर तोफांचा सराव चालतो. त्या सरावासाठी जमिनी गेलेल्या नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांतल्या गावांनी देशाच्या संरक्षणाचा भार अनेक पिढ्या वाहिला आहे.

गोव्यात रणगाडे नेणे सोपे काम नव्हते. दिसायला प्रदेश छोटा, सुमारे ३,७०० चौरस किलोमीटरचा. पण शापोरा, मांडवी, जुवारी या नद्या आणि भरती-ओहोटीच्या खाड्या यांनी तो कापलेला. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना भातशेती, पूल हलके. जड रणगाडा अशा पुलावर चढला तर पुलासकट खाली जायचा. म्हणून हलके रणगाडे, पायदळ आणि वाटेत पूल बांधून देणारे इंजिनिअर हे तिघे बरोबर चालणे आवश्यक होते. पोर्तुगिजांची योजनाही हेच ओळखून आखलेली होती. पूल उडवत मागे हटायचे, मुरगाव बंदरापाशी ठाण मांडायचे आणि जगाचा हस्तक्षेप होईपर्यंत तग धरायचा. सालाझारने १४ डिसेंबरला गव्हर्नरला कळवले की शरणागती चालणार नाही, किमान आठ दिवस लढा, प्राण गेले तरी हरकत नाही. हाताशी साधारण साडेतीन हजारांच्या आतले सैनिक आणि 'आफोन्सो द आल्बुकर्क' हे एक जुने लढाऊ जहाज होते. लढाऊ विमान एकही नव्हते. भारताने सुमारे ४५,००० सैन्य जमवले होते.

मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या १७ व्या पायदळ डिव्हिजनवर मुख्य चढाई सोपवली होती. ती पूर्वेकडून, बेळगावच्या बाजूने घाट उतरून मडगाव आणि पुढे मुरगावकडे जायची होती. उत्तरेकडून, दोडामार्गाच्या बाजूने, ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने शत्रूला गुंतवून ठेवायचे एवढेच दुय्यम काम होते. घडले ते उलट. सगतसिंगांनी वाटेत मिळालेली प्रत्येक संधी पकडली. त्यांच्या तीन फळ्यांपैकी मराठा पॅराशूट पलटण उसगाववरून फोंड्याकडे गेली, पंजाबची पलटण बाणस्तारीकडे निघाली आणि शीख लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण रणगाड्यांसह सकाळी साडेसहाला हद्द ओलांडून थिव्यावरून पश्चिमेकडे सुटली. पोर्तुगिजांनी पहाटेच पूल उडवायला सुरुवात केली होती. तरी संध्याकाळी पाचच्या सुमारास ही फळी बेतीला, मांडवीच्या उत्तर काठावर पोचली. समोर पलीकडे पणजी दिसत होती. रात्री नदी ओलांडू नये असा हुकूम आला. १९ च्या सकाळी नदी पार करून सैन्य पणजीत शिरले. सगतसिंगांच्या सांगण्यावरून जवानांनी लोखंडी शिरस्त्राणे काढून पॅराशूट दलाच्या लाल टोप्या घातल्या होत्या. रस्त्यावर प्रतिकार झाला नाही, लोकच उतरले होते.

सगळीकडे असे झाले नाही. मांडवीच्या मुखावरच्या आग्वाद किल्ल्यात राजबंदी होते आणि त्यांना सोडवण्यासाठी गेलेल्या तुकडीवर आतून गोळीबार झाला. सातव्या लाइट कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू तिथे कामी आले. रणगाडा दलाने या युद्धात मोजलेली ही किंमत कैद्यांची दारे उघडण्यासाठी होती. कोणताही मोर्चा जिंकण्यापेक्षा तिचे मोल अधिक आहे.

आकाशातले काम मोजूनमापून झाले. १८ च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी उखडली. विमानतळाच्या इमारतीला हात लावू नये अशी त्यांना सूचना होती. बेळगावच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले आणि गोव्याचा लिस्बनशी संपर्क तुटला. समुद्रावर 'बेतवा' आणि 'बियास' या युद्धनौकांनी मुरगाव बंदरात 'आफोन्सो द आल्बुकर्क'ला गाठले. थोड्याच वेळात ते जहाज निकामी होऊन किनाऱ्याला लागले, त्याचा कप्तान गंभीर जखमी झाला. अंजदीववर उतरणाऱ्या नौसैनिकांना मात्र जबर किंमत द्यावी लागली, सात जण मारले गेले. ज्या समुद्राने मुर्तझा निजामशहाचा वेढा निष्फळ केला होता, तो या वेळी भारताच्या बाजूला होता.

दमण आणि दीव ही वेगळी लढाई होती. दमणवर लेफ्टनंट कर्नल एस. जे. एस. भोसले यांच्या नेतृत्वाखाली मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण गेली आणि १९ च्या सकाळी तिथल्या शिबंदीने शस्त्रे ठेवली. दीवमध्ये खाडी ओलांडताना कडवा प्रतिकार झाला.

गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्वाचे वागणे येथे नोंदवले पाहिजे. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा आणि जे सोडून जावे लागेल ते नष्ट करण्याचा हुकूम त्याने पाळला नाही. जुन्या गोव्याच्या इमारती, पणजीची घरे, हजारो नागरिकांचे प्राण त्यामुळे वाचले. लिस्बनने त्याला शिक्षा म्हणून सैन्यातून काढून टाकले, १९७४ च्या क्रांतीनंतर तो पुन्हा सन्मानित झाला. भारताचे २२ जण मारले गेले आणि ५४ जखमी झाले. पोर्तुगालचे ३० मारले गेले, ५७ जखमी झाले आणि सैनिक व मुलकी माणसे मिळून ४,६६८ जण कैदी झाले. या कैद्यांना परत घ्यायला सालाझारचे सरकार टाळाटाळ करत राहिले, शेवटी हे कैदी मे १९६२ मध्ये मायदेशी गेले.

युद्ध चालू असतानाच, १८ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेची बैठक झाली. भारताने युद्ध थांबवून सैन्य मागे घ्यावे असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. त्याच्या बाजूने सात मते पडली. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी विरोधात मते दिली आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. भारताचे म्हणणे साधे होते: वसाहत ही मुळातच चालू असलेली आगळीक आहे, तिचा शेवट करणे हे आक्रमण नव्हे. आफ्रिका आणि आशियातल्या बहुतेक नव्या राष्ट्रांना ते पटले.

नव्या प्रजासत्ताकाने जुन्या वसाहतवादी सत्तेशी पुन्हा लढण्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. अमेरिकेने स्वातंत्र्यानंतर एका पिढीतच, १८ जून १८१२ रोजी, ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. ते अडीच वर्षे चालले, ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले, आणि डिसेंबर १८१४ मध्ये घेंटच्या तहाने दोन्ही बाजू मूळ जागी परतल्या. त्या वाटाघाटींत ब्रिटनने मुलूख मागण्याइतके यश मिळवलेले नाही, असा सल्ला आपल्या सरकारला देणारा वेलिंग्टन म्हणजे ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला जिंकणारा आर्थर वेलस्ली. इंडोनेशियाच्या सुकार्नोंनी पश्चिम न्यू गिनीतून डचांना हटवण्याची हाक दिली तो दिवस तर १९ डिसेंबर १९६१, पणजी मुक्त झाली तोच. इंडोनेशियाला तो प्रदेश संयुक्त राष्ट्रांमार्फत १९६३ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या युद्धाने नकाशा बदलला नाही, भारताच्या युद्धाने दोन दिवसांत बदलला. कारण इथे मुख्य काम सैन्य येण्याआधीच गोव्यातल्या, सावंतवाडीतल्या, पुण्यातल्या, पारनेरच्या माणसांनी केले होते. पोर्तुगीज राजवटीला तिच्या प्रजेत पाठिंबा उरला नव्हता, म्हणूनच सैन्याला गावोगावी लढत बसावे लागले नाही.

युद्धानंतर कँडेथ गोव्याचे लष्करी गव्हर्नर झाले. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित प्रदेश झाले. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही हे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने ठरले. गोवेकरांनी वेगळे राहण्याचा निर्णय दिला. महाराष्ट्रात अनेकांना तो कडू लागला, पण ज्या लोकांसाठी लढा दिला त्यांचा शब्द अखेरचा मानणे हे त्या लढ्याशी सुसंगतच होते. सेनापती बापटांचे निधन त्याच वर्षी नोव्हेंबरात झाले. मोहन रानडे गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालच्या तुरुंगातच होते, त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली. गोव्याला राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला.

नगरमध्ये १९९४ साली रणगाडा संग्रहालय उघडले. चिलखती दलाचा वारसा पाहायला तिथे शाळांच्या सहली येतात. त्या मुलांना तिथे १९६५ आणि १९७१ च्या लढायांबरोबर गोव्याची मोहीम, आणि मेजर सिद्धू यांचे नावही सांगितले जावे.

पोर्तुगालने मात्र हा पराभव तेरा वर्षे मान्य केला नाही. लिस्बनच्या संसदेत गोव्याच्या जागा कागदावर चालूच राहिल्या. २५ एप्रिल १९७४ रोजी तिथल्या सैन्यानेच हुकूमशाही उलथवली आणि नव्या सरकारने वसाहती सोडण्याचे धोरण घेतले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत तह झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर सह्या केल्या. १९६१ मध्ये चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने या तहात मान्य केले, आणि तेही सहीच्या दिवसापासून नव्हे, तर हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचे भाग झाले त्या त्या तारखेपासून.